चौथी ‘ब’चं पान

“दिवसाला दोन,” मुख्याध्यापक भामरे सर म्हणाले. “सातशे मुलांची शाळा, आणि साइट बघणारे दिवसाला दोन. त्यातल्या एक तुम्हीच असाल, मॅडम.”

“हो सर. एक मीच.”

“आणि दुसरा?”

“सुरतहून कोणीतरी आहे.”

“सुरतहून?” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शहाद्याच्या शाळेत सुरतच्या माणसाचं काय अडलंय?”

ते मलाही माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. सर आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, संस्थेची मंडळी मला विचारतात. साइट काढली, त्यासाठी एक मॅडम नेमली, आणि बघतो कोण? मार्चपर्यंत काही दाखवता आलं नाही, तर साइट बंद. मग तुमच्या जागेचंही मला काही सांगता येणार नाही. शनिवारी पालकसभा आहे. वीस मिनिटं तुम्हाला देतो. पालकांना सवय लावा.”

ही दोन हजार दहाच्या जानेवारीतली गोष्ट. मी शहाद्याला येऊन दीड वर्ष झालं होतं. माझं गाव देवरुख. आई गेली, भाऊ ठाण्याला त्याच्या संसारात, आणि संगणकाची पदविका हातात असलेल्या चौतिशीच्या बाईला जिथे जागा मिळाली तिथे मी गेले. एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्याने घेतली. दिवसभर खालून पीठ उडायचं आणि जमीन थरथरायची. रविवारी गिरणी बंद असे, त्या दिवशी खोलीत बसवत नसे. शाळेत सगळे मला मान देत. पण मधल्या सुट्टीत बायका आपापले डबे घेऊन एकत्र बसायच्या, सासरमाहेरचं बोलणं निघायचं, आणि माझ्याकडे त्यात घालायला काही नसायचं. म्हणून मी संगणकाच्या खोलीतच जेवायला लागले.

साइट मी एकटीने उभी केली होती. प्रत्येक वर्गाचं एक पान. त्यावर रोजचा गृहपाठ, सूचना, आणि मी काढलेले फोटो. शेवटी ‘अभिप्राय’ नावाचं पान, तिथे पालकांनी लिहायचं. कोणत्या गावाहून किती वाजता कोणी साइट उघडली, याची यादी मला दिसायची. यादीत वर शहादा, म्हणजे मी. आणि खाली रोज दुपारी दीड वाजता, सुरत.

दीड वाजता. माझ्या जेवणाची वेळ. पहिल्यांदा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी डबा उघडून थांबते आणि सुरत आल्यावरच घास घेते.

सुरतचं माणूस फक्त चौथी ‘ब’चं पान उघडायचं. दिवाळीनंतर एक दिवस अभिप्रायात ओळ आली: ‘फोटो जरा मोठे टाकता येतील का? चेहरे नीट दिसत नाहीत.’ खाली नाव नव्हतं. ‘एक पालक’ एवढंच. मी त्याच दिवशी चौथी ‘ब’चे सगळे फोटो मोठे करून टाकले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘उपकार झाले.’

त्यानंतर आठवड्यातून एखादी ओळ यायची. गृहपाठात सतराचा पाढा दिलाय, मुलांना जड जात असेल ना? बालदिनाच्या नाटकात परी कोण झालं होतं? मी प्रत्येक ओळीला उत्तर द्यायचे. डिसेंबरात आम्ही तोरणमाळला सहल नेली. तलावाकाठी मुलांना बसवून मी फोटो काढला. त्यावर ओळ आली: ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मुलगी डोळे चोळते आहे. तिला बरं नव्हतं का?’

ती कनक चौधरी होती. गोरी, किडकिडीत, फारसं न बोलणारी. तिचे वडील हेमंत चौधरी, त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी लिहिलं: ‘बरी होती. वारा फार होता, डोळ्यात कचरा गेला. नंतर तिने दोन वडापाव खाल्ले.’

त्यावर बरेच दिवस काही आलं नाही. मग एक ओळ: ‘दोन?’

मी एकटीच हसले. मला वाटलं, आत्या असेल, मावशी असेल, कदाचित आईच असेल. विचारलं नाही. विचारलं की लिहिणं थांबेल, अशी मला भीती वाटली असावी.

शनिवारी चार वाजता सभा भरली. हॉलमध्ये दीडशे माणसं. मी प्रोजेक्टर लावून भिंतीवर साइट उघडली. गृहपाठ कुठे बघायचा, सूचना कुठे असतात, घरी संगणक नसेल तर सायबर कॅफेत जाऊन कसं उघडायचं, सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, “बठ्ठं समजनं मॅडम, पन घरमा कॉम्प्युटर कोठे शे?”

हॉल हसला. मागून कटलरीवाले रमणभाई उठले. “मॅडम, माझं दुकान शाळेच्या समोर आहे. पोरगं मला काउंटरवरून दिसतं. त्याला बघायला मी कॅफेत जाऊ?”

आता हसणं थांबेना. बायकांनी पदर तोंडाला लावले. भामरे सरांनी घड्याळ बघितलं. माझे कान तापले. मार्च डोळ्यांपुढे आला, गिरणीवरची खोली आली, परत देवरुखला जाऊन कोणाच्या दारात उभं राहायचं तेही आलं. मी माइक घट्ट धरला.

“दिसतं, म्हणजे काय दिसतं हो रमणभाई?” मी म्हटलं. “तुमच्या मुलाला काल गृहपाठ काय होता, सांगा.”

रमणभाई खाली बसले.

“मी तुम्हाला एक पालक दाखवते. इथे राहत नाही. सुरतला राहते. रोज दुपारी दीड वाजता, एक दिवस न चुकता, आपल्या मुलीच्या वर्गाचं पान उघडते. आणि काय विचारते, बघा.”

मी अभिप्रायाचं पान उघडलं. भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत, एकेक ओळ मी वाचून दाखवली. सतराचा पाढा. परी. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मुलगी. मग तो फोटोही उघडला. एक बाई डोळे पुसत होती.

“पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवरून तिला मुलीच्या डोळ्यातला कचरा दिसतो,” मी म्हटलं. “आणि आपल्याला समोरून काही दिसत नाही.”

तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठून बाहेर गेला. त्याला फोन आला असेल असं मला वाटलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि रमणभाई स्वतः टाळ्या वाजवत होते, त्यामुळे मी बाहेर गेलेल्या माणसाकडे पुन्हा बघितलं नाही.

त्या संध्याकाळी साइट बासष्ट जणांनी उघडली. रविवारी नव्वद. मी आयुष्यात पहिल्यांदा शहाद्याच्या बाजारातून जिलबी आणून एकटीने खाल्ली.

सोमवारी प्रार्थनेनंतर भामरे सरांनी बोलावलं. त्यांच्यासमोर हेमंत चौधरी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर एक पाकीट.

“बसा मॅडम,” सर म्हणाले. “यांचा अर्ज आहे. मुलीचा एकही फोटो साइटवर नको.”

“का?” मी विचारलं. “काही चुकलं का?”

हेमंतरावांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “सुरतची बाई म्हणजे कनकची आई आहे. दीड वर्षापूर्वी गेली. आम्ही घालवली नाही, ती गेली. कोर्टात चालू आहे.”

“पण ती फक्त फोटो…”

“मॅडम, सहा महिने माझी पोर रोज दाराशी बसायची. जेवायला उठवावं लागायचं. आता कुठे विचारायची थांबलीय. सभेला वस्तीतल्या चार बायका होत्या. त्यांनी रात्रीच घरी येऊन तिला सांगितलं, तुझी आई तुला रोज बघते गं. काल पुन्हा दाराशी बसली होती.” ते पाकीट घेऊन उठले. “तुम्ही चांगल्या मनाने केलं असेल. पण फोटो काढा.”

ते गेल्यावर मी सरांना म्हटलं, “सर, आई आहे ती.”

“महिन्यातून एकदा भेटवायचं ठरलं होतं म्हणतात. ते काही झालं नाही. कोणाचं चूक, कोणाचं बरोबर, आपण कोण ठरवणार?” सरांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. “काढून टाका. आणि मॅडम, सभा झकास झाली हं. अध्यक्षांचा फोन होता.”

कनक एकटी असलेले फोटो थोडे होते. बाकी सगळ्यांत ती घोळक्यात होती. कोणाच्या खांद्यामागे, कोणाच्या वेणीआड. मी एकेक उघडून बघत होते आणि काढत होते. शेवटी चौथी ‘ब’च्या पानावर झेंडावंदनाचा एक फोटो राहिला, त्यात फक्त खांब होता आणि झेंडा.

दीड वाजला. यादीत सुरत आली. गेली. पुन्हा आली. त्या अर्ध्या तासात तिने ते पान अकरा वेळा उघडलं. माझा डबा तसाच राहिला.

मंगळवारी अभिप्रायात ओळ आली: ‘फोटो दिसत नाहीत. माझ्या इथे काही बिघाड आहे का?’ मी उत्तर दिलं नाही. बुधवारी तीच ओळ पुन्हा. मी ती पुसून टाकली, कारण आता ते पान सगळं गाव बघत होतं. एवढी पालकांना सवय लागली होती.

गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. लेखनिक मगनभाऊ जेवायला गेले होते. मी उचलला.

“कॉम्प्युटरच्या मॅडम आहेत का?” आवाज बारीक होता. मागे कोणीतरी गुजरातीत नंबर पुकारत होतं.

“मीच बोलतेय.”

“मी… सुरतहून बोलतेय. योगिता माझं नाव. एका लॅबमध्ये रिसेप्शनला असते. इथे कॉम्प्युटर आहे, दुपारी आमच्या इथल्या मॅडम जेवायला जातात तेव्हा मी… तुम्ही ओळखलं असेल.”

“हो.”

“फोटो काढले का?”

“हो ताई. काढावे लागले. वडिलांनी अर्ज दिला.”

नंबर पुकारला गेला, कोणाला तरी तिने “बैठो” म्हटलं. मग ती म्हणाली, “त्यांना कसं कळलं?”

पुढच्या काही क्षणांचा मी फार वर्षं विचार केला आहे. खिडकीतून मैदान दिसत होतं. पोरं लंगडी खेळत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“मला नाही माहीत, ताई,” मी म्हटलं.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी उगाच लिहीत बसले. नुसतं बघायचं होतं ना, लिहायचं कशाला? पण तुम्ही उत्तर द्यायचात, म्हणून मग राहवायचं नाही.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान दुखत होता, इतका मी तो दाबून धरला होता.

“स्नेहसंमेलन आहे पुढच्या महिन्यात,” मी म्हटलं. “खुलं असतं. कोणीही येऊन मागे बसू शकतं.”

“नको. त्यांनी पाहिलं तर शाळा बदलतील. मग माझ्यासाठी तुमची साइटही गेली.” मग घाईघाईने म्हणाली, “मॅडम, गृहपाठ तरी टाकत राहाल ना? त्याला कोणाची हरकत नसेल.”

“गृहपाठ?”

“मी वही केलीय. ती जे करते ते मी पण करते, घरी गेल्यावर. ती आत्ता पाढा लिहीत असेल तर मी पण पाढा लिहिते. निबंध असला तर निबंध. तेवढा वेळ आम्ही…” मागून कोणीतरी तिला हाक मारली. “ठेवते. टाकत राहा हं.”

“टाकेन,” मी म्हटलं. फोन बंद झाला होता.

जूनमध्ये संस्थेने माझी जागा पक्की केली. पत्र देताना भामरे सर खुशीत होते. “त्या दिवशी सुरतचं उदाहरण काढलंत ना मॅडम, तिथे बाजी मारलीत.” मी पत्र घेतलं, आभार मानले.

कनक पाचवीत गेली. मी गृहपाठ टाकत राहिले. आधी ‘पान बावीसवरचे प्रश्न’ एवढंच लिहायचे. आता पुस्तक तिच्याकडे नसेल म्हणून प्रश्न अख्खे टाइप करायला लागले. वर्गशिक्षकांना वाटायचं, मला कामाचा फार उत्साह. सहावीत कवितेची ओळन् ओळ टाकली. भूमितीच्या आकृत्या काढल्या. मे महिन्यात शाळा बंद असे, तेव्हा मी ‘सुट्टीतला अभ्यास’ म्हणून रोज काहीतरी टाकायचे. शाळेने तो कोणाला दिलेला नसायचा. तो अभ्यास शहाद्यात कोणीच केला नाही.

कनक माझ्या तासाला यायची. हुशार होती, अक्षर सुरेख होतं. ती आठवीत असताना हेमंतरावांनी दुसरं लग्न केलं. मी तिच्याशी कधी काही बोलले नाही. एकदा तास संपल्यावर ती मागे रेंगाळली आणि म्हणाली, “मॅडम, साइट कुठूनही दिसते ना?” मी म्हटलं, “हो, कुठूनही.” तिने मान हलवली आणि दप्तर उचलून गेली.

मग मोबाइल आले, पालकांचे ग्रुप झाले, आणि गृहपाठ तिथे जायला लागला. साइटकडे पुन्हा कोणी फिरकेना. संस्थेने विचारलं, चालू ठेवायची का? मी म्हटलं, मला काही त्रास नाही. भामरे सर निवृत्त झाले, नव्या सरांना याचं काही पडलेलं नव्हतं. सुरत रोज येत होती. तिने पुन्हा एक ओळही लिहिली नाही. मला कितीदा वाटलं, आपणच लिहावं. काय झालं होतं ते, कोणामुळे झालं होतं ते. अभिप्रायाचं पान उघडून मी बसायचे, दोन शब्द लिहायचे, पुसायचे.

दोन हजार सोळाला कनक दहावी झाली. अठ्ठ्याऐंशी टक्के. मी निकाल साइटवर टाकला. पहिल्या दहांची नावं, त्यात तिचं. त्या दिवशी सुरत सकाळी अकराला आली, दीडला आली आणि चार वाजताही आली.

जूनच्या शेवटी मी वर्गावरून खाली येत होते. ऑफिसच्या खिडकीशी कनक उभी होती आणि तिच्याबरोबर एक बाई. ठेंगणी, केस पुढून पिकलेले, खांद्याला कापडी पिशवी. मगनभाऊ दाखल्यावर शिक्का मारत होते.

“अकरावीला कुठे?” त्यांनी विचारलं.

“सुरतला,” कनक म्हणाली. “आईकडे.”

“वडिलांची सही?”

“आहे. त्यांनीच पाठवलं.”

बाईने दाखला हातात घेतला, दोन वेळा वाचला आणि मगनभाऊंना विचारलं, “कॉम्प्युटरच्या मॅडम कुठे बसतात?”

तो आवाज मी फक्त एकदा ऐकला होता. मी जिन्यातच थांबले. वर जाता आलं असतं. मगनभाऊंनी पेनाने माझ्याकडे दाखवलं.

ती जवळ आली. तिने पिशवीत हात घातला आणि एक वही काढली. शंभर पानी, कोपरे मऊ झालेली. वर नाव घातलं होतं: इयत्ता सातवी ‘ब’, गणित.

“अशा एकोणतीस आहेत,” ती म्हणाली. “सगळ्या आणणार होते, पण बसमध्ये ओझं होतं. ही मुद्दाम आणली. तुमच्याशी भांडायचं आहे.”

मी जिन्याचा कठडा धरला.

तिने वही उघडली. एकाच उदाहरणाने सहा पानं भरली होती. खोडलेलं, पुन्हा मांडलेलं, पुन्हा खोडलेलं.

“हे बघा. हौदाचं गणित. एक नळ बारा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामा करतो. दोन्ही सोडले तर हौद किती वेळात भरेल? तीन दिवस सोडवत होते मी. हौद काही भरेना. लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाई, हा कधीच भरणार नाही.” ती हसत होती, डोळे मात्र भरले होते. “आकडे उलटे टाइप केले होते तुम्ही. पुढच्या वर्षी सातवीच्या पानावर तेच गणित सरळ आलं, तेव्हा मला कळलं. तोवर मला वाटत होतं, मलाच जमत नाही. माझंच काहीतरी चुकतंय.”

कनक मागे उभी राहून आईच्या खांद्यावरून वहीत बघत होती.

“नाही ताई,” मी म्हटलं. “चूक माझी होती. सगळी माझीच होती.”

“अहो, जाऊ द्या,” ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन दोनदा थोपटला. “एवढं काय त्यात. आकडे कोणाचेही उलटसुलट होतात.”

तिला तीनची बस गाठायची होती. मी फाटकापर्यंत गेले. कनक वळून म्हणाली, “येते मॅडम.” आई पुढे निघून गेली होती, रस्ता ओलांडताना तिने मागे न बघता हात मागे केला आणि मुलीने पळत जाऊन तो धरला.